जिवंत माणसाची घागर

पारोळा, ११ मार्च २०२५

सुनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडलं नसशील, तर आधी एवढं वाच की घरी सगळे बरे आहेत, कोणी आजारी नाही, कोणी गेलेलं नाही. इतक्या वर्षांनी भावाचं पत्र आलं म्हटल्यावर माणूस दुसरं काय समजणार? फोनवर तू मला ब्लॉक केलंस हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी धुळ्याच्या रेंजला शिव्या देत होतो.

आता तुला हसू येईल असं एक सांगतो. एस.टी.तून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि तुझा भाऊ महाराज झाला आहे. एका दहाव्याला ठरलेले बुवा आलेच नाहीत. कोणीतरी म्हणालं, जीवराम ड्रायव्हरला अभंग पाठ आहेत, त्याला उभं करा. उभा राहिलो. तेव्हापासून पारोळा, एरंडोल, भडगाव, जिथे कोणाचा दहावा असेल तिथे मला बोलावणं येतं. टोपी, टॉवेल आणि नारळ मिळतो. तुझी वहिनी सविता म्हणते, टॉवेल इतके झालेत की आता आंघोळ दोनदा करत जा. स्वर्गाचं वर्णन करायला लागलो की लोक पेंगतात, नरक सुरू झाला की पुढे सरकून बसतात. म्हणून मी नरक जास्त सांगतो. उकळतं तेल, करवत, वैतरणा नदी, सगळं असं रंगवतो की जणू तिथेही माझी एक फेरी लागत होती.

गेल्या गुरुवारी भडगावला गिरणेच्या काठी असंच चाललं होतं. गेलेल्या म्हाताऱ्याची बायको, वच्छलाबाई, समोर बसली होती. मधेच हात वर करून म्हणाली, "महाराज, तुम्ही नरक देखा शे का?"

लोक हसले. मीही हसलो. ती हसली नाही. म्हणाली, "बुढा मरना तवय मी दोन महिनापासून त्यानाशी बोलत नव्हतू. तो सरगमा गया व्हई, भला मानूस व्हता. मी आते कोठे शे, ते सांगा."

मी एक अभंग म्हणून वेळ मारून नेली आणि नारळ तिथेच विसरून आलो. घरी येताना बसमध्ये सारखं तिचं ते 'मी आते कोठे शे' कानात होतं. ती आता कुठे आहे, ते मी काय सांगणार? त्या बाईला जे सांगता आलं नाही ते कोणाला तरी सांगावं, म्हणून हे पत्र.

घागरीचं सांगतो. तुला ते लोकांकडून कळलं, माझ्याकडून कधीच नाही. आपल्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गेलेल्या माणसांची घागर भरतात. २०१६च्या आखाजीला मी बाबांची भरली, मायची भरली, आणि तिसरी तुझी भरली. भाऊबंद बसलेले असताना पाण्याने भरून पाटाजवळ ठेवली, वर लोटी, लोटीवर खरबूज, सांजोरी. तुझं नाव घेतलं आणि निखाऱ्यावर घास टाकला. तू तेव्हा धुळ्याला धडधाकट, बहुतेक आंब्याचा रस काढत बसली असशील. जिवंत माणसाची घागर भरू नये हे शेंबड्या पोरालाही कळतं. माय गेल्यावर तू दोन आखाज्या माहेरी आली नाहीस, त्याचा मला राग होता. राग आला की मला पुढचा रस्ता दिसत नाही, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस.

चुकलो, सुनी. येत्या ३० एप्रिलला आखाजी आहे. मुराळी होऊन मी तुला न्यायला येऊ का?

जीवराम


पारोळा, २३ मार्च

सुनी,

उत्तर नाही. नसणारच. पत्राला उत्तर देऊन मोकळी होशील, एवढी तू सोपी नाहीस. मायच्या पोटची आहेस.

तुला १९९९ची आखाजी आठवते का? तुझी पूनम आठ महिन्यांची होती. बहिणीला न्यायला भावाने जायचं, पण सणाच्या गर्दीत मला रजा कोण देतो? मग मी माझी गाडीच घेऊन आलो. धुळे-जळगाव, सकाळची. पारोळा रोडला तुझ्या गल्लीच्या तोंडाशी थांबा नव्हता, तिथे मी साठ माणसांची एस.टी. उभी केली आणि हॉर्न दाबून धरला. कंडक्टर पंडित डोक्याला हात लावून बसला. तुझी पिशवी भरायची राहिली होती. बारा मिनिटं गाडी उभी होती. लोक ओरडायला लागले तेव्हा पंडितने सांगितलं, ड्रायव्हरची बहीण माहेरी चालली आहे, थोडं थांबा. आणि काय आश्चर्य, सगळे गप्प झाले. एका बाईने तुला माझ्या मागची जागा दिली. तू मुकटीपर्यंत माझ्याशी भांडलीस की असा काय मुराळी, तोंडाने बोलावत नाही, हॉर्न वाजवतो. पूनम तुझ्या मांडीवरून माझी कॉलर ओढत होती. पारोळ्याच्या स्टँडवर माय सकाळपासून येऊन उभी होती. तिने तुला उतरवून घेतलं आणि माझ्याकडे पाहिलंही नाही. मला मेमो मिळाला. तो मी जपून ठेवला आहे.

लोकांना मी स्वर्गात कल्पवृक्ष आहे असं सांगतो, ते पोथीतलं. मी पाहिलेला स्वर्ग तुझ्या गल्लीपासून पारोळ्यापर्यंतचा होता, तासाभराचा.

माय गेल्यावर त्याच रस्त्यावर मी आणखी आठ वर्षं गाडी चालवली. रोज दोनदा तुझ्या गल्लीवरून जायचो. तीच वळणं, तीच फागण्याची टपरी, तेच चहावाले. गल्ली आली की मी आरशात बघायचो, तू दिसतेस का. एकदा दिसलीस, भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडायला उभी. मी गाडी हळू केली. तू नंबर पाहिलास, ड्रायव्हर पाहिला आणि पाठ फिरवून उभी राहिलीस. त्या दिवशी मुकटीपर्यंत मला घाट चढत असल्यासारखं वाटलं. तिथे घाट नाही, तुला माहीत आहे.

सविता तुझ्याबद्दल बोलत नाही. तिचा राग गेलेला नाही. तिच्या रागाचं कारण तुला माहीत नसेल. त्याबद्दल नंतर लिहीन.

जीवराम


पारोळा, ७ एप्रिल

सुनी,

काल मी धुळ्याला आलो होतो. तुझ्या घरापर्यंत आलो होतो.

नवीन धोतर, टोपी, हातात मिठाईचा पुडा, पुरा मुराळी. तू ओट्याशेजारी खाट टाकून ज्वारीचे बिबडे वाळत घालत होतीस. तुझे केस सगळे पांढरे झालेत, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. पदर कमरेला खोचण्याची रीत थेट मायची. मला वाटलं, मायच बसली आहे. पंधरा पावलं राहिली होती. तू मान वर करायला आणि मी उभ्या टेम्पोमागे व्हायला एकच गाठ पडली. एकसष्ट वर्षांचा माणूस टेम्पोमागे लपला. तुझे यजमान भाईदासराव आतून काहीतरी म्हणाले, तू हसलीस. किती वर्षांनी ऐकलं ते हसणं. मला इतकं वाटलं की हाक मारावी, 'सुनी' एवढंच म्हणावं. पण उलट पावली स्टँडवर आलो, मिठाई बसमध्ये एका बाईच्या नातवाला दिली.

का फिरलो ते सांगतो. मी ओट्यावर आलो असतो तर तू हाकलून दिलं नसतंस. आधी पाणी दिलं असतंस. मग समोर बसून तेच विचारलं असतंस, जे मायच्या दहाव्याला विचारलं होतंस. मी घागरीची माफी मागून मोकळा होणार होतो. घागर सगळ्या भाऊबंदांनी पाहिली, तिची माफी मागायला फार छाती लागत नाही. जे कोणीच पाहिलं नाही, ते माझ्या पोटात आहे.

मी लिहीन. थोडे दिवस दे.

जीवराम


पारोळा, १६ एप्रिल

सुनी,

दोनदा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं लिहितो.

मायच्या दहाव्याला, सगळे जेवून उठल्यावर, तू मला मागच्या दारी गाठलंस. तू विचारलंस, "भाऊ, नऊ दिन माय पडेल व्हती, माले फोन का नई करा?" मी म्हणालो, एवढं होईल असं वाटलं नाही, सगळं अचानक झालं. मग तू हळू आवाजात विचारलंस, "तिनी मनं नाव काढं का?" आणि मी म्हणालो, "नई."

ते खोटं होतं. माय नऊ दिवस तुझंच नाव घेत होती. दुसऱ्या कोणाचं घेतलंच नाही.

आता फोन का केला नाही, ते सांगतो. अर्धांगाने माय तीन वर्षं खाटेवर होती. तिला उचलणं, धुणं, भरवणं, मी आणि सविताने केलं. ड्युटीवरून आलो की आधी तिचं अंथरूण बदलायचो, मग चहा. मी उपकार सांगत नाही, आई होती. पण तू महिन्यातून एकदा रविवारी यायचीस आणि तिचा चेहरा उजळायचा. त्या एका दिवसावर ती महिना काढायची. सोमवारी माझ्या हातचा घास तोंडात धरून दाराकडे बघत बसायची. मी पन्नास वर्षांचा होतो, सुनी, आणि मला तुझा हेवा वाटायचा. लहान पोरासारखा.

त्या मार्चमध्ये तू महिनाभर आली नव्हतीस. पूनमची दहावी होती. मायने अन्न सोडलं. पहिल्या दिवशी ती म्हणाली, सुनीला बोलव. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी मी पेज भरवत होतो, तिने थुंकून टाकली. म्हणाली, "सुनी भरावी." भरवायला तिला तू हवी होतीस. माझ्या शर्टावर पेज सांडली होती. मी भांडं खाली ठेवलं, बाहेर ओट्यावर येऊन खिशातला फोन हातात घेतला. तुझा नंबर काढला. आणि परत खिशात ठेवला. आत येऊन सांगितलं, फोन केला, येते म्हणाली. सवितालाही तेच सांगितलं. सातव्या दिवशी माय विचारून विचारून थकली तेव्हा म्हणालो, ती येत नाही म्हणाली.

सवितालाही मी तेच सांगितलं, की सुनी येत नाही म्हणाली. म्हणून माय गेल्यावर तू आलीस तेव्हा सविता तुला दारातच म्हणाली, 'आता आल्या.' तुला ते का, हे कधी कळलं नाही. तिला आजही वाटतं की तू मरत्या आईला नाही म्हणालीस. तुम्हा दोघींमध्ये अकरा वर्षं जो दगड पडला आहे, तो मी ठेवला.

नंतर किती वेळा वाटलं, सांगून टाकावं. पण एक दिवस गेला की दुसरा दिवस जड. पहिल्या आखाजीला तुला न्यायला आलो नाही, कारण तुझ्या तोंडाकडे बघवणार नव्हतं. दुसऱ्यालाही नाही. मग लोकांना सांगायला लागलो की तीच येत नाही. आणि बोलून बोलून मला ते खरं वाटायला लागलं. त्याच रागात तुझी घागर भरली. आता वाटतं, तू मेलेली असतीस तर मला कधीच सांगावं लागलं नसतं, म्हणून भरली.

वच्छलाबाईने विचारलं होतं, नरक पाहिला का. मी कढईचं वर्णन सांगत होतो. तिथे कढई नाही. चांगलं घर आहे, पेन्शन आहे, लोक पाया पडतात. नातवंडं अंगावर खेळतात तेव्हा मी हसतो. आणि आतून सतत तो 'नई' ऐकू येतो. तू तो शब्द घेऊन गेलीस आणि अकरा वर्षं समजत राहिलीस की आईने मरताना तुझी आठवण काढली नाही. मी जिथे आहे तिथे तुलाही नेऊन बसवलं.

माफी मागत नाही. मागायला तोंड नाही. पण आता तुला खरं माहीत आहे.

जीवराम


पारोळा, २२ एप्रिल

सुनी,

तुला पत्र टाकलं आणि चौथ्या दिवशी सवितालाही सगळं सांगितलं. ती मेथी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले. ओरडेल असं वाटलं होतं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, "बठ्ठं खोटं तुमनं, आनि तोंड मनं." खोटं सगळं माझं आणि तोंड तिचं, खरंच होतं ते.

रात्रीचं जेवण तिने वाढलं, पण माझ्याशी बोलली नाही. काल सकाळी उठून पाहतो तर ती नाही. भावाकडे गेली असेल असं वाटलं. शेजारच्या इंदिराबाई म्हणाल्या, ती स्टँडवर हाफ तिकिटाची चौकशी करत होती, धुळ्याच्या गाडीत बसली. लग्नानंतर एकटी एस.टी.त बसल्याचं मला आठवत नाही.

ती तुझ्याकडे आली असेल तर तिला तिच्या जुन्या रागाचं काही बोलू नकोस. तिचा त्यात काही दोष नव्हता. मी दिवसभर ओट्यावर बसून आहे. दोन दहाव्यांचं बोलावणं आलं होतं, दोन्हीकडे येत नाही म्हणून कळवलं. आता लोकांना नरक सांगायला मी जाणार नाही.

जीवराम


पारोळा, २५ एप्रिल

सुनी,

सविता काल संध्याकाळी परत आली. तीन दिवस तुझ्याकडे राहिली, हे तिने दारात चपला काढतानाच सांगितलं. तुम्ही दोघी पहिल्या दिवशी काही बोललाच नाहीत म्हणे, नुसत्या कुरडया घालत होतात. दुसऱ्या दिवशी रडलात. बाकीचं तिने मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

तुझा निरोप मात्र तिने शब्द न् शब्द सांगितला. "भाऊले सांगजो, आखाजीले माले लेवाले येऊ नको. मी येवाव नई. पन माय त्या नऊ दिनमा काय काय बोलनी, ते बठ्ठं लिखी धाड. एक शब्द सोडू नको. ते मनं शे."

बरोबर आहे. ते तुझं आहे. मी फक्त दाबून ठेवलं होतं. येणार नाही मी. जेवढं आठवतं तेवढं लिहितो, आणि मला सगळं आठवतं.

पहिल्या दिवशी, मंगळवारी, सकाळीच म्हणाली, "सुनीले बलाव." दुपारी विचारलं, "सुनी उनी का?" रात्री परत विचारलं, आली का.

बुधवारी पेज थुंकली ते लिहिलंच आहे. नंतर तिलाच वाईट वाटलं असावं. माझ्या शर्टाकडे बोट करून म्हणाली, "धुई टाक, डाग पडी." मी तोंड फिरवून होतो.

तिसऱ्या दिवशी म्हणाली, सुनीची दाढ दुखत होती, काढली का? मला तुझ्या दाढेचं काही माहीत नव्हतं. मी हो म्हटलं. चौथ्या दिवशी सविताला म्हणाली की पेटीतली निळी गोधडी पूनमला द्यायची. ती गोधडी अजून पेटीत आहे. सविता ती उन्हात घालते आणि परत ठेवते.

पाचव्या दिवशी ताप होता. तुझ्याशीच बोलत होती, तू खाटेशी बसली आहेस असं समजून. चमचा माझ्या हातात होता. तुला म्हणाली, "सुनी, तुना भाऊ चिडका शे. पन तो तुले कवय अंतर देवाव नई." मी ऐकलं. ऐकूनही दुसऱ्या दिवशी फोन लावला नाही. हे वाक्य लिहायचं की नाही यावर मी सकाळपासून बसून होतो. तू म्हणालीस एक शब्द सोडू नको, म्हणून लिहिलं.

सहाव्या दिवशी फार बोलली नाही. तुझं नाव तेवढं तीन-चारदा.

सातवा दिवस सोमवार. सकाळी तिने विचारलं आणि मी म्हणालो, ती येत नाही म्हणाली. मला वाटलं होतं, आता तरी ती तुझ्यावर रागावेल. आता तरी माझ्याकडे बघेल. ती बराच वेळ छताकडे पाहत होती. मग म्हणाली, "तिनावर रागे भरू नको रे. पोरनी परीक्षा शे." थोड्या वेळाने विचारलं, "परीक्षा कवय सरी?"

पूनमचे पेपर कधी संपणार होते ते मला ठाऊक नव्हतं. काहीतरी उत्तर द्यायचं म्हणून मी बुधवार सांगितला.

ती म्हणाली, "मंग बुधवारलोंग थांबस मी."

बुधवारपर्यंत थांबते, हे तिचं शेवटचं बोलणं. मंगळवारी ती काही बोलली नाही, पाणीही नको म्हणून मान हलवली. बुधवारी सकाळी तिने खुणेने खाट दाराकडे फिरवायला लावली. दिवसभर तिची नजर दारावरून हलली नाही. दिवेलागणीला ती गेली.

जीवराम